जाळं घेऊन उडालेल्या पाखरांची कुळकथा

नवी मुंबईतल्या उलव्यात सेक्टर कुठलाही असो, नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की आधी बसते ती कबूतर जाळी. पडदे, झुंबर, मॉड्युलर किचन सगळं मागून. नायलॉनच्या जाळीचा भाव चौरस फुटावर ठरतो, दोरावर लोंबकळणारी पोरं अर्ध्या दिवसात काम उरकून जातात आणि अख्ख्या टॉवरला बाहेरून एक धुरकट पापुद्रा आल्यासारखं दिसतं. तिकडे खाडीपार मुंबईत तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबूतरखाना ताडपत्रीने झाकला, लोकांनी ती फाडली आणि प्रकरण हायकोर्टात गाजत राहिलं. कबुतराइतकी पत घसरलेला दुसरा पक्षी सध्या या महानगरात नसेल. पण जाळं आणि कबूतर यांचं नातं फार जुनं आहे, आणि त्यातून निघालेली पाखरं आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांना तोंडपाठ आहेत.

कार्टूनमधला पक्षी म्हटलं की डोनाल्ड डक आठवतो, वुडी वुडपेकर आठवतो, ट्वीटी आठवते. डोनाल्ड पहिल्यांदा पडद्यावर आला तो ९ जून १९३४ ला, वुडी १९४० मध्ये, ट्वीटी १९४२ मध्ये. या मंडळींना नावं आहेत, ठरलेले आवाज आहेत, पाठीशी बड्या कंपन्या आहेत. आपल्या पाखरांना साधं नावसुद्धा नाही. त्यांची कारकीर्द एका फिल्मची, जेमतेम सात मिनिटांची: १९७४ ची ‘एक अनेक और एकता’, जाळ्यात अडकलेला थवा मिळून जाळंच घेऊन उडतो ती. दूरदर्शनने ती इतकी वर्षं आणि इतक्या वेळा दाखवली की एक पिढी तिचे संवाद झोपेतही म्हणेल.

ही पाखरं आली कुठून? पहिलं घर महाभारतात सापडतं. उद्योगपर्वात विदुर कौरवांच्या सभेत एक गोष्ट सांगतो. दोन पक्षी जाळ्यात अडकतात आणि जाळं घेऊनच उडतात. पारधी खालून त्यांच्या मागे धावत सुटतो. असा का धावतोस म्हणून एक मुनी विचारतो, तर तो म्हणतो, आत्ता दोघांचं जमलंय म्हणून माझं जाळं गेलं, भांडतील तेव्हा खाली पडतील. होतंही तसंच. भावकीत वाद पेटलेला असताना विदुराने ही गोष्ट सांगितली, म्हणजे तिचा रोख ऐक्याच्या गुणगानावर नव्हता. तो धमकीवजा इशारा होता.

पालीतल्या जातककथांमध्ये हेच पक्षी लावे होऊन येतात. त्या कथेचं नाव सम्मोदमान जातक, आणि लाव्यांचा म्होरक्या म्हणजे बोधिसत्त्व. तो सांगतो, जाळं पडलं की प्रत्येकाने आपलं डोकं एकेका छिद्रातून वर काढायचं, सगळ्यांनी मिळून उडायचं आणि जाळं काटेरी झुडपावर टाकून खालून निसटायचं. पारधी दिवसभर काट्यांतून जाळं सोडवत बसतो, रोज रिकाम्या हाताने घरी जातो आणि बायकोची बोलणी खातो. मग एक दिवस एका लाव्याचा पाय चुकून दुसऱ्याच्या डोक्यावर पडतो. भांडण जुंपतं, जाळं तू उचलतोस की मी, यावर हुज्जत सुरू होते. बोधिसत्त्व हे पाहतो आणि आपल्या मागे येणाऱ्यांना घेऊन आधीच निघून जातो. मला हा तपशील फार आवडतो. जातककाराला सोसायटीच्या मीटिंगा ठाऊक असाव्यात.

तिसरं घर पंचतंत्राचं. ‘मित्रसंप्राप्ती’ या दुसऱ्या तंत्रात चित्रग्रीव हा कबुतरांचा राजा येतो आणि त्याचा मित्र हिरण्यक उंदीर. इथे भांडण गायब झालं आणि त्या जागी मैत्री आली. हिरण्यक आधी राजाचे पाश कुरतडायला जातो, तर चित्रग्रीव म्हणतो, आधी माझ्या माणसांचे तोड. नारायण पंडिताच्या ‘हितोपदेशा’त गोष्ट आणखी आपल्या जवळ येते, कारण तिथे ती सुरूच होते गोदावरीकाठच्या एका मोठ्या सावरीच्या झाडापासून. कबुतरं मात्र जाळ्यासकट उडतात ती थेट गंडकीच्या तीरी, हिरण्यकाच्या बिळाशी. गोदावरी ते गंडकी हे अंतर शेकडो कोसांचं. इतकी ओझ्याची भरारी कुठल्याही कबुतराने मारलेली नसणार, पण नारायण पंडिताला कोण विचारणार?

पुढे हे कूळ परदेशी गेलं. सहाव्या शतकात पंचतंत्र इराणात पोचलं, आठव्या शतकात इब्न अल् मुकफ्फाने ते अरबीत ‘कलीला व दिम्ना’ म्हणून नेलं, आणि तिथे चित्रग्रीव गळ्यात कडं असलेली होली झाली. मराठीत छापील ‘हितोपदेश’ आला तो १८१५ मध्ये, तोही बंगालातल्या श्रीरामपूरहून, वैजनाथ पंडितांच्या हातून.

आता १९७४. फिल्मची कल्पना विजया मुळे यांची. त्यांचा जन्म मुंबईचा, १९२१ चा. लग्नानंतर पतीच्या बदलीमुळे त्या पाटण्याला गेल्या आणि तिथेच त्यांना सिनेमाचं वेड लागलं. पाटण्याच्या समोरच गंडकी गंगेला मिळते, म्हणजे हितोपदेशातल्या कबुतरांचा मार्ग मुळेबाईंनी आयुष्यात साधारण तसाच चालला. योगायोगच, पण मोह आवरत नाही. फिल्म सोसायटी चळवळीत त्या सत्यजित राय यांच्या बरोबरीने राबल्या. सत्तरच्या दशकात मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम करणाऱ्या दिल्लीतल्या सरकारी केंद्राचं काम त्यांच्याकडे आलं. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर उपग्रहावरून २४०० खेड्यांत टीव्ही पोचवण्याचा जो प्रयोग झाला, त्यासाठीही त्यांनी काम केलं.  अभिनेत्री सुहासिनी मुळे या त्यांच्या कन्या.

चित्रं भीमसैन यांची. ते मुलतानचे, फाळणीत घर गेलेले. फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात बॅकग्राऊंड रंगवत ते ॲनिमेशन शिकले. संगीत वसंत देसाईंचं. कुडाळ तालुक्यातल्या सोनवड्याचा हा माणूस ‘प्रभात’मध्ये शांतारामबापूंच्या हाताखाली घडला आणि ‘दो आँखें बारह हाथ’ची प्रार्थना देशभरच्या शाळांना देऊन गेला. शाळेच्या मुलांकडून समूहगान गाऊन घेण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. जन्मतारीख ९ जून, डोनाल्डचीच, पण साल १९१२. फिल्ममध्ये गाणारा बालआवाज दाभोळच्या साधना घाणेकरचा, म्हणजे पुढच्या साधना सरगमचा. तेव्हा ती पाच-सहा वर्षांची होती. शेवटच्या ‘हिंद देश के निवासी’ या गाण्याचे शब्द पं. विनयचंद्र मौद्गल्य यांचे. दिल्लीचं गांधर्व महाविद्यालय त्यांनी काढलं, आणि ती परंपरा कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुस्करांची. हिंदी म्हणून आपण ज्या फिल्मकडे बघतो तिच्यात मराठी धागे इतके आहेत. तिला सर्वोत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

फिल्मने जुन्या गोष्टीचं काय केलं ते पाहा. चित्रग्रीव राजा गेला. त्याच्या जागी थव्यातलीच एक हुशार चिमणी आली, नाव नाही, गादी नाही. हिरण्यकाऐवजी गावाजवळचे मित्र उंदीर आले. प्रजासत्ताकाला शोभणारा बदल. गोष्ट सांगणारा पंडित गेला आणि बागेत मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देणारी ताई आली. ऐकून मुलं लगेच ती युक्ती झाडावरच्या आंब्यांवर वापरून बघतात. मला विचाराल तर फिल्ममधला सगळ्यात खरा भाग हा आंब्यांचा आहे. एकीचं फळ मुलांना तिथे हातात मिळतं, भाषणातून नाही.

पण पंचतंत्रात गेलेली एक गोष्ट फिल्मनेही परत आणली नाही, आणि ते मुद्दामच असणार: भांडण. १९७४ साल आठवा. रेल्वेचा संप, गुजरात-बिहारमधली आंदोलनं, आणि पुढच्याच वर्षी आणीबाणी. त्या वर्षी सरकारी फिल्ममध्ये लाव्यांची हुज्जत कोण दाखवणार? कथेतला इशारा गेला, आशा तेवढी ठेवली. वसंत देसाई पुढच्या वर्षाच्या डिसेंबरात लिफ्टच्या अपघातात गेले. ही फिल्म त्यांच्या अखेरच्या कामांपैकी.

भीमसैन यांनी त्यानंतर १९७७ मध्ये ‘घरौंदा’ काढला. एक जोडपं मुंबईत फ्लॅटसाठी पै पै साठवतं आणि बिल्डर पैसे घेऊन पसार होतो, ही त्याची गोष्ट. जाळ्यातून सुटलेल्या पाखरांना घरटं मिळत नाही, असा पुढचा भागच म्हणा. उलव्यात तो सिनेमा समजावून सांगावा लागत नाही. इथे विमानतळासाठी टेकडी कापली गेली, नदीचं पात्र वळवलं गेलं, दहा गावं उठली, त्यांत मूळ उलवे गावही होतं. ज्यांची गावं उठली त्यांनी आणि ज्यांनी फ्लॅट घेतले त्यांनी, दोघांनीही घराचा हिशेब कागदावर आणि तारखांवर मांडलेला आहे. एकत्र उभं राहिल्याशिवाय काही मिळत नाही हे या पट्ट्याला फिल्मवाल्यांच्या आधीपासून ठाऊक आहे, आणि फूट कशी पडते हेही.

म्हणून एक विनंती. मुलांना ही फिल्म जरूर दाखवा, ती अजूनही तितकीच गोड आहे. नामावली आली की पुढे ढकलू नका, मुळे, देसाई, घाणेकर ही नावं मुलांना मोठ्याने सांगा. आणि झोपताना जातकातला तो लाव्यांचा दुसरा भागही सांगा, एकाचा पाय दुसऱ्याच्या डोक्यावर पडला तो. मुलांना भांडणाची गोष्ट जास्त आवडते.