हवामानबदल राजनय आणि सिंधुदुर्ग

हवामानबदलाच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटींसाठी भारतात स्वतंत्र खाते नाही. ही बाजू केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय सांभाळते. परराष्ट्र खाते साथीला असते. दक्षिण कोरियातील हरित हवामान निधीशी व्यवहारही याच मंत्रालयामार्फत होतो. निधीने २०१८ मध्ये महाराष्ट्र, आंध्र प्रदेश व ओडिशाच्या किनाऱ्यांसाठी सुमारे ४.३ कोटी डॉलरचे अनुदान मंजूर केले. त्यात सिंधुदुर्ग आहे. राज्यातील अंमलबजावणी वनखात्याचा कांदळवन कक्ष (स्थापना २०१२) व कांदळवन प्रतिष्ठान यांच्याकडे आली. सिंधुदुर्गातील मालवणला असा आंतरराष्ट्रीय निधी नवा नव्हता. १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झालेल्या या किनाऱ्यावर जागतिक पर्यावरण सुविधेच्या पैशातून जैवविविधता प्रकल्प आधीच झाला होता. वाटाघाटींतले बरेच अधिकारी ठरावीक मुदतीच्या प्रतिनियुक्तीवर असतात, मुदत संपली की दुसऱ्या खात्यात जातात. अशा प्रकल्पांतील खेकडापालन आणि कांदळवन लागवडीला मात्र खाडी ओळखणारी, वर्षानुवर्षे टिकणारी माणसे लागतात. हवामान परिषदेतील शिष्टमंडळाइतकेच लक्ष अशा माणसांच्या नेमणुकांकडे दिले गेले पाहिजे.