पंच कशाला हवा?

मागच्या महिन्यात मावसभावाचा फोन आला. "दादा, तुम्ही ते टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्टी रचायचे खेळ खेळता ना? आम्हा चौघांना शनिवारी खेळून बघायचाय. एखादं नाव सांग." नाव सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण म्हटलं थांब, सविस्तर लिहितो. नुसतं नाव घेऊन बसलास तर मी केलेली चूक तूही करशील.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रोलप्लेइंग गेममध्ये प्रत्येकजण एक पात्र घेतो. ते काय बोलतं, काय करतं हे आपण सांगायचं आणि जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासे टाकायचे. हरणं-जिंकणं फारसं नाही. नाटकाच्या तालमीसारखंच, फक्त संहिता नाही आणि प्रेक्षकही नाहीत. बहुतेक खेळांत एकजण पात्र न घेता उरलेलं सगळं जग सांभाळतो. पाऊस, दरोडेखोर, राजा, राजाची मांजर, सगळं तोच. त्याला गेम मास्टर म्हणतात. आमच्या घरात तो मी.

हा मास्टर आला कुठून? चक्क सैन्यातून. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातल्या राइसवित्झ नावाच्या एका लेफ्टनंटने अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी युद्धाचा खेळ तयार केला. नकाशे, ठोकळे, फासे आणि मधे एक पंच. दोन्ही बाजू आपापले हुकूम पंचाकडे देत आणि रणांगणावर काय घडलं ते पंच सांगे. पुढे दीडशे वर्षं हौशी मंडळी असले खेळ खेळत राहिली.

मग १९६९च्या सुमारास अमेरिकेत, मिनेसोटात, डेव्हिड वेसली नावाच्या खेळाडूने गंमत केली. नेपोलियनच्या काळातलं ब्राउनस्टाइन नावाचं एक काल्पनिक गाव घेतलं आणि लढाईआधी मित्रांना सैन्याऐवजी एकेक माणूस वाटून दिला. कोणी महापौर, कोणी सावकार, कोणी विद्यापीठाचा कुलगुरू. मंडळी लढाई विसरून गावातच रमली. दोघं तर द्वंद्वयुद्धाला उभे राहिले, आणि त्याचे नियमच वेसलीकडे नव्हते! त्याला वाटलं, पुरता फज्जा उडाला. मित्र म्हणाले, पुन्हा कधी? त्या मित्रांत डेव्ह आर्नेसन होता. त्याने हीच कल्पना किल्ले-भुयारांच्या अद्भुत दुनियेत नेली आणि गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आणला. एका खोक्यात तीन पुस्तिका, किंमत दहा डॉलर, पहिली आवृत्ती १००० प्रतींची. खेळाडू सेनापतीचे साधी माणसं झाले. पंच मात्र तसाच राहिला, उलट जास्तच मोठा झाला.

मोठा म्हणजे किती, ते माझ्याकडे बघून कळेल. होस्टेलमध्ये एकाकडून नियमांच्या झेरॉक्स मिळाल्या आणि दर दिवाळीला भावंडांना जमवून मी खेळ चालवायला लागलो. बारा-बारा पानं गोष्ट आधीच लिहून ठेवायचो. समोर पुठ्ठ्याचा आडोसा, त्यामागे माझे फासे. एका दिवाळीला चुलत बहिणीच्या पात्राने दरोडेखोराला मारायच्या ऐवजी बोलून त्याचं मन वळवलं. फार छान बोलली ती. पण माझ्या सातव्या पानावर तो दरोडेखोर पळून जायचा होता. मी आडोशामागे फासा टाकला. निकाल तिच्या बाजूने लागला होता. मी म्हटलं, "नाही जमलं. तो पळाला."

ती चहाचे कप उचलायला उठली होती, तिला फासा दिसला. काही बोलली नाही. नंतर स्वयंपाकघरात म्हणाली, "दादा, सगळं तूच ठरवणार असशील तर आम्हाला फासे कशाला देतोस?" पुढच्या चार दिवाळ्या ती फराळाला आली, खेळायला बसली नाही.

मला तेव्हा वाटलं, हिला खेळच कळत नाही. मग कळलं की हाच प्रश्न कितीतरी लोकांना पडला होता आणि त्यांनी त्यावर खेळच्या खेळ रचले होते. नव्वदीच्या अखेरीपासून पुस्तक पीडीएफ करून विकणं सोपं झालं, मोठ्या कंपनीची गरज उरली नाही. रॉन एडवर्ड्स या जीवशास्त्राच्या प्राध्यापकाने आपला 'सॉर्सरर' असाच आधी पीडीएफ म्हणून विकला, २००१ साली त्याचं छापील पुस्तक आलं. 'इंडी' म्हणजे ज्याने खेळ रचला त्याच्याच मालकीचा, अशी साधी व्याख्या त्याने धरली. त्याच गोतावळ्यातल्या व्हिन्सेंट बेकरने एक मुद्दा मांडला. तो माझ्या शब्दांत असा: टेबलावरच्या सगळ्यांनी मान्य केल्याशिवाय खेळात काहीच घडत नाही. फासे, नियम, मास्टर ही सगळी त्या मान्यतेपर्यंत पोचायची साधनं. हे वाचलं आणि मला माझा पुठ्ठ्याचा आडोसा आठवला.

त्यानंतर आलेला पॉल चेगेचा 'माय लाइफ विथ मास्टर' (२००३) तर थेट मालक आणि त्याच्या नोकरांवरच आहे. नोकरांच्या मनात गावातल्या माणसांबद्दल प्रेम साठत जातं आणि एका टप्प्यावर एखादा नोकर हुकूम नाकारू शकतो. शेवटी मालक मरतो, नियमच तसा आहे. हा खेळ मी भावंडांपुढे काढला नाही. का ते सांगायला नको.

असो. आता शनिवारसाठी.

पहिल्यांदाच बसत असाल तर ॲलेक्स रॉबर्ट्सचा 'फॉर द क्वीन' (२०१९) घ्या. फासे नाहीत, नुसती पत्त्यांसारखी कार्डं. तुम्ही सगळे राणीबरोबर प्रवासाला निघालेले. कार्ड उचला, त्यावरच्या प्रश्नाचं उत्तर द्या. नको असेल तर पुढच्याकडे सरकवा. शेवटच्या कार्डावर राणीवर हल्ला होतो आणि तिला वाचवायचं का, हे प्रत्येकाने ठरवायचं. माझ्या आत्याने सत्तरीत हा खेळ खेळला आणि राणीला खुशाल मरू दिलं.

हसायचं असेल तर जेसन मॉर्निंगस्टारचा 'फियास्को' (२००९). तीन ते पाच माणसं, मास्टर नाही, तयारी नाही. डोकं कमी आणि हाव जास्त अशा माणसांचा बोजवारा कसा उडतो ते दोन-तीन तासांत बघायचं. यातला एक नियम मला फार आवडतो. आपल्या प्रसंगाची सुरुवात आपण ठरवली तर त्याचा शेवट इतरांनी ठरवायचा. शेवट आपल्या हातात हवा असेल तर सुरुवात इतरांची.

बडबड्या आणि गप्प अशा दोन्ही प्रकारची माणसं असतील तर बेन रॉबिन्सचा 'मायक्रोस्कोप' (२०११). कोरी कार्डं घेऊन एका संपूर्ण संस्कृतीचा इतिहास रचायचा, तोही उलटसुलट क्रमाने. साम्राज्य आधी बुडवा, मग मागे जाऊन ते वसवा. कार्ड मांडण्याची पाळी ज्याची, त्याला इतरांनी सूचनासुद्धा द्यायची नाही. माझ्यासारख्याला हे भयंकर जड जातं. पण गप्प बसणारा माणूस इतिहासात काय-काय घालून ठेवतो ते बघण्यासारखं असतं.

आणि भाषेचं वेड असेल तर कॅथरिन हाइम्स आणि हाकान सेयालिओग्लू यांचा 'डायलेक्ट' (२०१८). जगापासून तुटलेल्या एका छोट्या समाजाची बोली घडते आणि शेवटी संपते. नियम इंग्रजीत असले तरी शब्द मराठीतच घडवा. शेवटाला घरात शांतता पसरते, तेव्हा लगेच जेवायला बसायचा बेत ठेवू नका.

माझा सगळ्यात लाडका मात्र एव्हरी आल्डरचा 'द क्वायट इयर' (२०१३). साधा पत्त्यांचा जोड लागतो. एक पान म्हणजे एक आठवडा, एक रंग म्हणजे एक ऋतू. युद्धातून वाचलेली एक वस्ती, तिचा नकाशा सगळ्यांनी मिळून काढायचा. इस्पिकचा राजा निघाला की खेळ संपला. वस्तीत चर्चा घ्यायची तर प्रत्येकाने एकदाच, एखाद-दोन वाक्यं बोलायचं. निर्णय काही होत नाही. (एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हा नियम समजावून सांगावा लागत नाही.) आणि कोणाला वाटलं की आपलं ऐकलंच गेलं नाही, तर त्याने मधल्या वाटीतून एक टोकन उचलून आपल्यासमोर ठेवायचं. तिरस्काराचं टोकन. भांडायचं नाही, फक्त ठेवायचं.

टोकन म्हणून आम्ही आजीच्या डब्यातले चिंचोके घेतले. यात पंच कोणीच नाही, असं सांगितल्यावर पाचव्या दिवाळीला चुलत बहीण बसली. दुसऱ्याच आठवड्यात मी तिला न विचारता विहिरीवर पहारा बसवला. तिने शांतपणे एक चिंचोका उचलला. पावसाळ्यापर्यंत तिच्यापुढे तीन झाले. मग आमच्यात मला न आवडणारी गोष्ट घडली. मी धान्य साठवू म्हणत होतो, तिने ते शेजारच्या वस्तीला देऊन टाकलं आणि मला थांबवायची काही सोयच नव्हती. माझ्यासमोरही एक चिंचोका आला. तेव्हा कळलं तो किती जड असतो.

राजा निघाला, खेळ संपला. आवरताना मी म्हटलं, "तो दरोडेखोर त्या दिवशी पळाला नव्हता." ती म्हणाली, "माहितीये." तिने दोन चिंचोके वाटीत टाकले. तिसरा पर्समध्ये ठेवून घेतला. म्हणाली, पुढच्या वर्षी बघू.

तर बाबा, शनिवारी 'फॉर द क्वीन'पासून सुरू कर. आणि पुठ्ठा-बिठ्ठा काही उभा करू नकोस.