ड्रमचे कडे : पोलादी, ओतीव की लाकडी?

तबल्याच्या पुडीभोवती गजरा असतो आणि त्यातून ओवलेल्या वाद्यांनी पुडीला ताण मिळतो. पाश्चात्त्य ड्रममध्ये हे काम हूप, अर्थात कडे करते. ड्रमच्या तोंडावरील पडदा कड्याखाली दाबून भोवतालच्या स्क्रूंनी ताणला जातो. साहजिकच कडे बदलले की नादही बदलतो. विशेषतः स्नेअर ड्रमच्या बाबतीत हा फरक चटकन जाणवतो.

सर्वाधिक प्रचलित कडी पोलादी पत्र्याची. वरची कड बाहेर वळवलेली असल्याने काठ्या कमी झिजतात. पत्रा बहुधा १.६ किंवा २.३ मि.मी. जाडीचा असतो. पातळ कडे किंचित लवते आणि पडद्याला मोकळेपणाने गुंजू देते. मात्र जोरकस वादनात ते वाकडे होण्याचा संभव अधिक. जाड पत्र्याचे कडे सूर अधिक काळ टिकवते.

ओतीव कडी जस्ताच्या मिश्रधातूची असतात. ती हातात जड लागतात, म्हणून जस्त पोलादाहून जड असावे असा अनेकांचा ग्रह होतो. प्रत्यक्षात पोलादाची घनता सुमारे ७.८, तर या मिश्रधातूची ६.७ च्या आसपास आहे. वजन येते ते जाडीमुळे, आणि नादावर परिणाम होतो तो या वजनाचा व ताठरपणाचा. उपस्वर लवकर विरतात, आवाज कोरडा व नेमका होतो. काठी आडवी ठेवून कड्यावर मारलेला ठोका ठसठशीत उमटतो. लहान टॉमवर मात्र अशा कड्यांनी नाद कोंडल्यासारखा वाटू शकतो. तरीही १८८३ मध्ये ब्रुकलिन येथे स्थापन झालेल्या ग्रेच कंपनीच्या ड्रमवर हीच कडी असतात व जाझवादकांना ती प्रिय आहेत. अखेर हा रुचीचा प्रश्न!

लाकडी कड्यांचा आडवा ठोका भरदार व उबदार असतो. पण कडेवरच्या आघातांनी लाकडाला खाचा पडतात आणि कोकणातील पावसाळी हवा त्यास मानवत नाही. बास ड्रमला मात्र लाकडी कडी रूढ आहेत. पितळी कडी जड, ॲल्युमिनियमची अगदी हलकी. दोन्ही तुलनेने कमी आढळतात.

खरेदीपूर्वी व्यास आणि स्क्रूंची संख्या पडताळावी. १४ इंची स्नेअरला सहसा ८ किंवा १० स्क्रू असतात. तळाच्या कड्याला तारांच्या पट्टीसाठी मोकळी जागा लागते, त्यामुळे वरचे कडे खाली चालेलच असे नाही. जुने कडे घेताना ते स्वयंपाकघरातील कडप्प्याच्या सपाट ओट्यावर ठेवून बोटाने दाबून पाहावे. डुगडुगले तर कोणत्याही धातूचे असो, घेऊ नये. नव्या कड्याचा प्रयोग करायचा तर प्रथम केवळ वरचे बदलावे. खर्च निम्मा होतो आणि फरक लगेच कानी येतो.