गळाची काठी का मोडते? मानवेल ते काचतंतू : एका स्वस्त वस्तूचा इतिहास

१/ राळेगाव तालुक्याच्या सीमेवरून वर्धा नदी वाहते. तिच्या काठी गळ टाकणाऱ्यांच्या हाती दोन तऱ्हेच्या काठ्या असतात. एक बांबूची, दुसरी बाजारातली, एकात एक सरकणाऱ्या पोकळ नळ्यांची. दुसरी देखणी खरी, पण स्वस्तातली असेल तर लवकर मोडते. या मोडण्यामागे मोठा इतिहास आहे. #थ्रेड

२/ प्रारंभ बाराव्या शतकापासून करावा लागतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ.स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यातील प्राचीन मराठी पद्यपंक्तींमुळे मराठीचे अभ्यासक त्याला ओळखतात. याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे.

३/ त्यात माशांचे प्रकार, त्यांना घालावयाचे आमिष, दोरा, गळ आणि काठी यांचा विचार आहे. इंग्लंडमध्ये गळाच्या मासेमारीवरील पहिली छापील पुस्तिका १४९६ साली निघाली. म्हणजे दख्खनमधील हे लेखन तिच्याहून साडेतीन शतकांनी जुने.

४/ राजाचा तो विनोद होता. नदीकाठच्या भोई-ढिवरांचे ते पोट होते. त्यांची काठी कोणत्याही ग्रंथात नोंदली गेली नाही, कारण ती विकत घेतली जात नव्हती. विदर्भाच्या पानझडी जंगलात ‘मानवेल’ नावाचा बांबू विपुल. बहुतांशी भरीव, चिवट आणि लवचीक. लाठी आणि भाल्याचा दांडाही त्याचाच.

५/ बांबू टिकतो कसा? त्याचे चिवट तंतू बाहेरच्या सालीकडे दाट असतात आणि वाकताना सर्वाधिक ताण तेथेच येतो. दुसरे रहस्य पेरांत आहे. पोकळ नळी वाकली की तिचा गोल छेद चपटा होऊ लागतो आणि ती चेपून मोडते. पेरावरील आडवा पडदा हे चपटे होणे रोखतो.

६/ दोषही आहेत. बांबूतील पिष्टामुळे त्याला भुंगा लागतो. ओलाव्याने तो बुरसतो, वाकडा होतो. पण तो मोडतो तेव्हा बहुधा आधी तंतूंच्या रेषेत उकलतो, करकरतो. उकललेल्या जागी घट्ट दोरा गुंडाळला की काठी पुन्हा उभी राहते. अगदीच मोडली, तर तेवढा भाग कापून आखूड काठी वापरता येते.

७/ एकोणिसाव्या शतकात हा बांबू समुद्रापार गेला. १८४० च्या दशकात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात सॅम्युअल फिलिप याने बांबूच्या पट्ट्या चिकटवून काठी बनविली. पुढे सहा पट्ट्यांची काठी रूढ झाली. तिला लागणारा बांबू भारतातून जाई आणि बंदरावरून ‘कलकत्ता बांबू’ म्हणून ओळखला जाई. अभ्यासक त्याचे नाते मानवेलीशी जोडतात.

८/ त्याच काळात मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने ‘द रॉड इन इंडिया’ (१८७३) हे पुस्तक लिहिले. महसीर पकडणे हा साहेबांचा मानाचा छंद ठरला. राजाच्या विनोदाची जागा साहेबाच्या छंदाने घेतली.

९/ विसाव्या शतकाच्या आरंभी चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील ‘टोंकिन’ बांबूने कलकत्ता बांबूला मागे सारले. १९५० साली अमेरिकेने चीनशी व्यापार थांबविला आणि तोही दुर्मीळ झाला. तोवर, १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात, ‘शेक्सपिअर’ कंपनीने काचतंतूची काठी बाजारात आणली होती.

१०/ १९६० च्या दशकात इंग्लंडमधील फार्नबरो येथील विमान-संशोधन संस्थेत मजबूत कार्बनतंतू तयार झाला. १९७३ मध्ये ‘फेनविक’ने त्याची काठी विक्रीस काढली. काचतंतू जड, पण सोशिक. कार्बन हलका आणि ताठ, पण ठोकर लागली की दिसणारही नाही अशी चीर धरणारा.

११/ मग स्वस्त काठी का मोडते? नळीला लांबीच्या तंतूंबरोबर आडवे, वेढ्याचे तंतूही लागतात. तेच पेराचे काम करतात. किंमत उतरवताना तंतू कमी आणि राळ जास्त पडते, नळीची जाडी असमान राहते. सरकत्या सांध्यांत रेती शिरली की त्या झिजतात. मासा काठावर असताना काठी पार उभी धरली, तर सारा भार निमुळत्या टोकावर येतो आणि टोक तुटते.

१२/ येथे एक प्रश्न उभा राहतो. बांबूच्या प्रदेशात लोक मोडकी काठी विकत का घेतात? नवेपणाचे आकर्षण आहेच, पण कायद्याचाही इतिहास आहे. ब्रिटिश काळात जंगल सरकारी झाले. त्याविरुद्ध १० जुलै १९३० रोजी याच यवतमाळ जिल्ह्यात, पुसद येथे, लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली गवत कापून जंगल सत्याग्रह झाला.

१३/ वनस्पतिशास्त्रात बांबू हेही गवतच. पण १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या व्याख्येत तो ‘झाड’ ठरला. परिणामी शेतातल्या बांबूची तोड आणि वाहतूकही परवान्यांच्या जाळ्यात अडकली. जी काठी फुकट मिळत होती, ती कोयत्याने कापणे गुन्हा ठरू शकत होते.

१४/ २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले. २०११ मध्ये गडचिरोलीतील मेंढा-लेखा ग्रामसभेला बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार मिळाला. २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘झाडा’च्या व्याख्येतून सुटला. जंगलातील बांबूचा प्रश्न मात्र सामूहिक वनहक्कांवर अवलंबून राहिला.

१५/ म्हणून वस्तूचा टिकाऊपणा केवळ तिच्या द्रव्यावरून मोजता येत नाही. मोडल्यावर ती दुरुस्त होते का, आणि तशीच दुसरी मिळविण्याचा हक्क कोणाला आहे, हेही पाहावे लागते. मानवेलीची काठीही मोडतच होती. तिच्या मालकाला मात्र त्यासाठी बाजाराची वाट धरावी लागत नव्हती.