एचआयव्हीबाधितांचे मूत्रपिंड प्रत्यारोपण : कसोटी औषधांची

नागपूरच्या विमानतळालगत मिहान प्रकल्पात अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, अर्थात ‘एम्स’चे रुग्णालय आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे लोकार्पण झाले. मूत्रपिंड प्रत्यारोपणाची सोय अशी विदर्भातच होऊ लागल्यावर एक प्रश्नही जवळ आला आहे. एचआयव्हीची बाधा असलेल्या, डायलिसिसवर जगणाऱ्या रुग्णाला नवे मूत्रपिंड बसविता येते काय?

एके काळी याचे उत्तर ठाम नकारार्थी होते. प्रत्यारोपणानंतर शरीराने परके मूत्रपिंड नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवावी लागते. जिची प्रतिकारशक्ती आधीच विषाणूने पोखरली आहे, अशा व्यक्तीला ही औषधे देणे म्हणजे मृत्यूला निमंत्रण, अशी समजूत होती.

चाचणी काय सांगते?

अमेरिकेत २००३ ते २००९ या काळात १५० एचआयव्हीबाधितांवर मूत्रपिंड प्रत्यारोपण करून त्यांचा अभ्यास करण्यात आला. निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. एका वर्षानंतर सुमारे ९५ टक्के, तर तीन वर्षांनंतर ८८ टक्के रुग्ण हयात होते. एचआयव्हीही आटोक्यात राहिला. मात्र पहिल्याच वर्षी सुमारे ३१ टक्के रुग्णांच्या शरीराने नवे मूत्रपिंड नाकारण्याचा प्रयत्न केला. हे प्रमाण अपेक्षेपेक्षा दुप्पट-तिप्पट होते.

यामागे औषधांचा परस्परसंघर्ष हे एक महत्त्वाचे कारण होते. रिटोनाविरसारखे औषध टॅक्रोलिमसचे यकृतातील विघटन रोखते. त्यामुळे रोज दोन वेळा घ्यावयाची मात्रा कधी कधी आठवड्यातून एकदाच द्यावी लागते. इफाविरेन्झ नेमके उलट करते. मात्रा कमी पडली तर मूत्रपिंड नाकारले जाते आणि अधिक झाली तर त्याला इजा होते.

मॅराविरॉक या औषधाचीही अमेरिकेत अशा रुग्णांवर चाचणी घेण्यात आली. एचआयव्ही पेशीत शिरताना वापरतो ते एक दार हे औषध बंद करते. त्याच दाराचा संबंध प्रतिकारक पेशींच्या हालचालींशीही असल्याने दुहेरी लाभाची आशा होती. मात्र नेहमीच्या उपचारात त्याला स्थान मिळालेले नाही.

खरा दिलासा दिला तो डोल्यूटेग्राविरने. टॅक्रोलिमसशी त्याचा संघर्ष होत नाही. भारतात एप्रिल २००४ पासून एआरटी केंद्रांतून एचआयव्हीची औषधे मोफत मिळतात, आणि त्यांच्या प्राथमिक उपचारात आता हेच औषध आहे. त्याच गोळीतील टेनोफोविर मात्र मूत्रपिंडाला अपायकारक ठरू शकते. म्हणून प्रत्यारोपणापूर्वी संपूर्ण औषधयोजना तपासून घ्यावी लागते.

दाताही बाधित असेल तर?

दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे डॉ. एल्मी मुलर यांनी २००८ मध्ये एचआयव्हीबाधित मृत दात्यांची मूत्रपिंडे बाधित रुग्णांना बसविण्यास प्रारंभ केला. अमेरिकेत १९८ रुग्णांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाधित व अबाधित दात्यांच्या मूत्रपिंडांचे परिणाम तुल्यबळ आढळले.

रुग्णाने काय करावे?

रक्तातील विषाणू चाचणीत न आढळण्याइतके कमी आणि सीडी-४ पेशी २०० हून अधिक, ही प्रत्यारोपणासाठी साधारण अट मानली जाते. एआरटीचे डॉक्टर आणि मूत्रपिंडतज्ज्ञ या दोघांनाही सर्व औषधांची माहिती द्यावी. संकोचापोटी एखादी गोळी लपविणे नव्या मूत्रपिंडाच्या जिवावर बेतू शकते. केवळ एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणे हा २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार भेदभाव ठरतो. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. प्रत्यारोपणाचा निर्णय वैद्यकीय निकषांवरच व्हायला हवा. हे निकष आता पूर्वीइतके निराशाजनक राहिलेले नाहीत.