डॉक्टर होण्याआधीची आणखी एक डिग्री

गेल्या महिन्यातली गोष्ट. शुक्रवारी रात्री हापिसातून येऊन नुकताच टेकलो होतो, तेवढ्यात न्यू जर्सीहून आत्याचा फोन. "अरे, तुझ्या बहिणीला जरा समजाव. कुठलंही असो, एक मास्टर्स करून टाक म्हणावं. डिग्री तरी पदरात पडेल!"

प्रकरण असं. माझी आतेबहीण तिकडेच जन्मली, वाढली. बायॉलॉजीत बॅचलर्स झाली. डॉक्टर व्हायचंय. आपल्याकडे बारावी, नीट आणि मग एमबीबीएस. तिकडे आधी चार वर्षांची पदवी आणि मग मेडिकल कॉलेजला अर्ज. या बाईसाहेब पहिल्या दोन वर्षांत घसरल्या. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी, एकूण जीपीए ३.१. प्रवेश मिळणाऱ्यांची सरासरी ३.७ च्या वर. म्हणून मधे काहीतरी करून अर्ज भक्कम करायचा. पर्याय तीन: पब्लिक हेल्थमधलं मास्टर्स, ज्याला स्पेशल मास्टर्स म्हणतात ते, किंवा पोस्ट-बॅक, म्हणजे पदवीनंतर पुन्हा पदवीच्याच पातळीवरचे विषय घेणं.

मी फोनवर ठोकून दिलं, "आत्याचं बरोबर आहे. माझ्या एम-थ्रीच्या केट्या आज कोण विचारतं? मास्टर्स झालं की मागचं सगळं पुसलं जातं."

त्यावर ती शांतपणे म्हणाली, "दादा, पण मास्टर्सचे मार्क जुन्या जीपीएत मिळवतात का?"

मला माहीत नव्हतं. शनिवारी सकाळी चहा घेऊन शोधायला बसलो आणि सवयीप्रमाणे उत्तराच्या आधी इतिहासातच घुसलो. पण यावेळी तो इतिहासच कामी आला.

सुरुवात आपल्या ओळखीच्या बाईंपासून करू. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेत पोचल्या आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंकडे उतरल्या. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात त्यांना प्रवेश मिळाला तेव्हा वय अठरा. हातात कुठल्याही कॉलेजची पदवी नाही. १८८६ च्या मार्चमध्ये त्या एमडी झाल्या. त्यांना काही खास सवलत मिळाली होती असं नाही. त्या काळी अमेरिकेत डॉक्टर व्हायला आधी पदवी लागतच नव्हती. बऱ्याच मेडिकल कॉलेजांत फी भरली की प्रवेश, असाच मामला होता.

हे बदललं १८९३ मध्ये, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये. विद्यापीठाला मेडिकल स्कूल काढायचं होतं पण पैसे कमी पडत होते. मेरी एलिझाबेथ गॅरेट नावाच्या श्रीमंत बाईंनी तीन लाख डॉलरच्या वर रक्कम दिली आणि अटी घातल्या: बायकांना पुरुषांच्याच नियमांनी प्रवेश द्यायचा, आणि येणाऱ्याकडे आधीची पदवी हवी, विज्ञान हवं, फ्रेंच-जर्मन वाचता यायला हवं. पहिल्या तुकडीत अठरा विद्यार्थी, त्यात तीन मुली. तिथले डॉक्टर ऑस्लर सहकाऱ्याला गमतीने म्हणाले होते म्हणे, की आपण प्राध्यापक म्हणून आत आलो हे नशीब, विद्यार्थी म्हणून आपल्याला कुणी घेतलं नसतं :-)

मग १९१० साली अब्राहम फ्लेक्सनरचा अहवाल आला. हा माणूस डॉक्टर नव्हता, शाळा चालवणारा होता. त्याने अमेरिका आणि कॅनडातली १५५ मेडिकल कॉलेजं पाहिली. प्रवेशासाठी कॉलेजची किमान दोन वर्षं मागणारी जेमतेम १६ निघाली. फ्लेक्सनर म्हणाला, आधी दोन वर्षं जीवशास्त्र, रसायन, भौतिकशास्त्र शिकून या. आजही तिकडे अर्जासाठी जे विषय मागतात त्यांचं मूळ इथे सापडतं. पुढच्या काळात भराभर कॉलेजं बंद पडली. चांगलंच झालं म्हणावं, तर कृष्णवर्णीयांसाठीच्या सातांपैकी पाच कॉलेजंही त्यात गेली. उरली हॉवर्ड आणि मेहॅरी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एवढं करूनही १९२० च्या दशकात काही ठिकाणी निम्मी मुलं मधेच गळत होती. म्हणून १९२८ मध्ये फ्रेड मॉस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी काढली. तीच बदलत बदलत १९४८ पासून 'एमकॅट' या नावाने ओळखली जाऊ लागली. म्हणजे क्रम बघा. आधी पदवी, मग विज्ञानाचे विषय, मग परीक्षा. प्रत्येक दार त्या त्या काळच्या एकेका शंकेपोटी बसवलेलं.

आता दारं झाली की दाराशी अडकलेली माणसंही आलीच. महायुद्धानंतर न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने वयाने मोठ्या विद्यार्थ्यांसाठी, त्यात युद्धावरून परतलेले बरेच, स्कूल ऑफ जनरल स्टडीज काढलं आणि १९५५ मध्ये तिथे पोस्ट-बॅक सुरू झालं. पदवी झालेली आहे पण विज्ञान शिकलेलं नाही, अशांसाठी. त्यानंतर १९७४ च्या सुमारास तर झुंबड उडाली. ४२ हजारांवर अर्ज आणि जागा साधारण १५ हजार. नापास नाहीत, नालायकही नाहीत, पण जागा नाही. १९७५ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठाने स्पेशल मास्टर्स काढलं. मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर त्याच वर्गात बसा, त्याच परीक्षा द्या आणि तो वेग झेपतो हे दाखवून द्या.

याच झुंबडीत एक इंजिनिअर सापडला. ॲलन बॅकी. मेकॅनिकलवाला, व्हिएतनाममध्ये जाऊन आलेला, नासात नोकरी. नोकरी सांभाळून त्याने जीवशास्त्र-रसायनाचे राहिलेले विषय पूर्ण केले, हॉस्पिटलात स्वयंसेवक म्हणून काम केलं. म्हणजे आजच्या भाषेत स्वतःचं पोस्ट-बॅक स्वतःच केलं. जीपीए ३.४६, एमकॅटच्या विज्ञानात ९७ पर्सेंटाइल. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसच्या मेडिकल स्कूलने त्याला १९७३ आणि १९७४, दोन्ही वेळा नाकारलं. तेव्हा तो तिशी ओलांडलेला होता, आणि वयाचा मुद्दा त्याला वाटेत भेटलाच. शंभरातल्या सोळा जागा अल्पसंख्य उमेदवारांसाठी वेगळ्या होत्या, म्हणून तो कोर्टात गेला. २८ जून १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: ठरावीक राखीव जागा चालणार नाहीत, पण वंशाचा विचार इतर गोष्टींबरोबर करता येईल. (ती मुभाही २०२३ च्या निकालाने जवळपास संपली.) बॅकीला प्रवेश मिळाला, १९८२ मध्ये तो डॉक्टर झाला आणि पुढे भूलतज्ज्ञ म्हणून काम केलं.

इंजिनिअर म्हणून माझी सहानुभूती आधी सगळी बॅकीकडे होती, खोटं कशाला बोला. पण १९१० नंतर बंद पडलेली ती पाच कॉलेजं आठवली आणि त्या सोळा जागा कुठून आल्या तेही कळलं. दोन्ही बाजूंच्या माणसांनी अभ्यास केलेलाच होता. दारं मात्र फक्त अभ्यासावर उघडत नव्हती.

असो. बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर. तिकडच्या बहुतेक एमडी कॉलेजांचे अर्ज ज्या एका सामाईक यंत्रणेतून जातात, तिथे पोस्ट-बॅकचे पदवी पातळीवरचे मार्क जुन्या जीपीएत मिळवले जातात. मास्टर्सचे मार्क वेगळ्या ओळीत दाखवतात. विषय पुन्हा दिला तर जुना सी पुसला जात नाही, दोन्ही धरतात. म्हणजे मी ठोकून दिलेला सल्ला साफ चुकीचा होता. आमच्या आयटीत नवी डिग्री जुनी झाकते. इथे दोन्ही शेजारी शेजारी उभ्या राहतात.

रविवारी तिला फोन केला आणि आधी ते कबूल केलं. मग म्हटलं, कुठला प्रोग्राम भारी हे विसर. तुझा अर्ज वाचणाऱ्याच्या मनात कुठली शंका येईल ते बघ. "ही विज्ञान शिकलीये का?" असेल तर पोस्ट-बॅक. "शिकलीये, मार्कही ठीक, पण मेडिकलचा वेग झेपेल का?" असेल तर स्पेशल मास्टर्स. मात्र तो जुगार आहे. फी मोठी, आणि तिथेही घसरलीस तर झेपत नाही हे तूच सिद्ध करून दिलंस. पब्लिक हेल्थ आवडत असेल तर जरूर कर, पण ते ऑरगॅनिकच्या सी चं उत्तर नव्हे.

ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माझ्यावर पहिलीच शंका येईल. मला पाया कच्चा वाटतो, दादा. मलाच वाटतो."

शेवटी तिने जवळच्या सरकारी विद्यापीठात वर्षभर पदवीचेच विषय घ्यायचं ठरवलं. ऑरगॅनिक पुन्हा, शिवाय बायोकेमिस्ट्री आणि फिजिऑलॉजी. दिवसा एका क्लिनिकमध्ये नोकरी. वर्षाअखेर मार्क बघून स्पेशल मास्टर्सचा विचार. आत्या अजून नाराज आहे, कारण वर्ष जाणार आणि भिंतीवर लावायला काही मिळणार नाही. तिला आनंदीबाईंची गोष्ट सांगितली, तर म्हणाली, "त्यांना कुठे ऑरगॅनिक होतं!"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पहिली परीक्षा ऑक्टोबरात आहे.