फ्लाइंग मायक्रोटोनल बनाना

‘किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड’ या ऑस्ट्रेलियन गॅरेज व सायकेडेलिक रॉक बँडचा नववा स्टुडिओ अल्बम. प्रकाशन २४ फेब्रुवारी २०१७. मेलबर्नमध्ये २०१० साली स्थापन झालेल्या या बँडने २०१७ या एका वर्षात पाच अल्बम प्रसिद्ध केले, त्यांतला हा पहिला. त्यामुळे बहुतेकदा एका विक्रमी वर्षाची सुरुवात एवढीच त्याची ओळख सांगितली जाते, आणि ती फार अपुरी आहे. आपल्या गाण्यांना दूरदेशीच्या स्वरांचा रंग देणारे रॉक वादक पुष्कळ झाले; या बँडने थेट वाद्यांचे पडदे बदलले. अल्बमचे मोल तिथे आहे.

बँडचा प्रमुख गायक व गिटारवादक स्टू मॅकेन्झी याला बाग्लामा या तुर्की तंतुवाद्याने ओढ लावली. बाग्लामाच्या दांडीवरचे पडदे बांधलेले असतात, सतारीच्या पडद्यांप्रमाणे सरकवता येतात, आणि नेहमीच्या बारा स्वरांच्या मधल्या काही जागाही त्यांवर सापडतात. गिटारचे पडदे मात्र लाकडात पक्के ठोकलेले. मॅकेन्झीने जादा पडद्यांची पिवळी गिटार बनवून घेतली. अल्बमला नाव तिचेच आहे. मग सहकाऱ्यांना प्रत्येकी दोनशे डॉलर ठरवून देऊन वाद्ये त्याच पद्धतीची करायला सांगण्यात आले. गिटार, बेस, कीबोर्ड, हार्मोनिका अशी वाद्ये बदलली गेली आणि सप्तकाचे २४ समान भाग, म्हणजे प्रत्येकी ५० सेंटची (सेंट हे स्वरांतर मोजण्याचे एकक) पायरी, हा सर्वांचा पाया ठरला. स्वस्त वाद्ये आणि घरगुती खटपट हा गॅरेज रॉकचा मूळ स्वभाव. हा प्रयोग त्यातूनच उगवला आहे. तार ओढूनही मधला स्वर काढता येतो, पण तो एका वादकाच्या बोटापुरता राहतो. पडद्यावरचा स्वर सगळ्यांना एकाच जागी मिळतो, म्हणून अनेक गिटारी आणि गळा एकच स्वराकृती मिळून उचलू शकतात. ‘रॅटलस्नेक’ हे जवळजवळ आठ मिनिटांचे पहिले गाणे एका ठेक्याला धरून फिरत राहते; आरंभी बेसूर वाटलेली जागा या पुनरावृत्तीने कानाला आपली वाटू लागते. ‘स्लीप ड्रिफ्टर’मध्ये तर त्या जागांना गोडवाही येतो.

यावर पहिला आक्षेप उसनवारीचा. १९६०च्या दशकात ब्रिटिश-अमेरिकन रॉकमध्ये सतारीची लाट आली होती, आणि खुद्द तुर्कस्तानात एर्किन कोराय यांच्यासारख्यांनी अनातोलियन लोकसंगीत व विजेची गिटार यांचा मेळ कधीच घातला होता. ते खरे आहे. पहिलेपणाचा मान या अल्बमला देता येणार नाही. दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे. तुर्की संगीतशास्त्र पूर्ण स्वराचे नऊ सूक्ष्म भाग मानते, त्यामुळे २४ समान पायऱ्यांत तिथल्या मकामांची, म्हणजे रागांसारख्या स्वरचौकटींची, खरी स्वरस्थाने बसत नाहीत. मराठी श्रोत्याला इथे श्रुती आठवतील, पण परंपरेने मानलेल्या २२ श्रुती समान अंतरावर नाहीत आणि रागाच्या चलनापासून वेगळ्याही काढता येत नाहीत. म्हणून या अल्बमला मकामाच्या किंवा रागाच्या कसोटीवर घासणे व्यर्थ आहे. ही रॉकने स्वतःसाठी घडवलेली सोय आहे, आणि ठेका, पुनरावृत्ती व ध्वनीचा खरखरीतपणा यांच्याशी तिचा मेळ कसा बसतो हेच तपासायला हवे. या निकषावर शेवटचे, अल्बमच्याच नावाचे शब्दविरहित वादन सर्वांत कच्चे वाटते. सनईच्या जातीच्या झुर्नाचा तीक्ष्ण सूर तिथे इतका पुढे येतो की रचना पूर्वेच्या देखाव्याकडे झुकते.

उरला तो चमत्कृतीचा आरोप. पडदे जोडणे ही एका मोसमाची हौस असती तर वाद्ये अडगळीत गेली असती. बँडने मात्र ‘के.जी.’ (२०२०) आणि ‘एल.डब्ल्यू.’ (२०२१) हे अल्बम याच स्वरव्यवस्थेच्या शोधाचे दुसरा व तिसरा खंड म्हणून प्रसिद्ध केले.